नवी खिडकी बसली आणि भिंतीला तडे गेले: भरण्याआधी काय पाहायचं, मग काय करायचं

सांगली-साताऱ्याकडे जुन्या लाकडी खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) स्लायडिंग बसवायचं काम हल्ली घरोघरी निघतं. वाळवी लागलेली चौकट, पावसाळ्यात फुगणारी झडपं, पश्चिमेकडून आत येणारी झड, कारणं खरीच असतात. काम दोन-तीन दिवसांत उरकतं. मग पंधरा-वीस दिवसांनी घरातल्या कुणाचं तरी लक्ष जातं, की खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी रेघ निघाली आहे. फोन केला की मिस्त्रींचं ठरलेलं उत्तर येतं: "काकी, काय काळजी करू नका, पुट्टी मारली की दिसणार बी न्हाई."

दिसणार नाही हे खरंच आहे. पण तो तडा प्लास्टरचा आहे, चौकटीचा आहे, लिंटलचा (खिडकीवरच्या, वरचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईचा) आहे की पायाचा, हे सांगणारी खूणच पुट्टीखाली गाडली जाते. या चारही तड्यांवरचे इलाज एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. एकावर शंभर-दोनशे रुपयांची पेस्ट पुरते, दुसऱ्यासाठी छताला टेके द्यावे लागतात. म्हणून आधी तडा नीट पाहायचा आणि मगच भरायचा.

हात लावण्याआधी मोजून घ्या

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. मध्ये दोन-तीन ठिकाणी जाडी मोजा. जाडी मोजायला एटीएम कार्ड चांगलं, ते साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. कार्डाची कड तड्यात शिरत नसेल तर तडा बारीक आहे. सहज शिरत असेल तर स्टीलची पट्टी लावून मिलिमीटरमध्ये मोजा आणि पट्टीसकट फोटो काढा. नुसत्या फोटोवरून महिन्याभराने काहीच ठरवता येत नाही, पट्टी असली की ठरतं.

मग भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जा. आतला तडा बाहेरही त्याच जागी, त्याच दिशेने दिसतोय का? दिसत असेल तर तो प्लास्टरपुरता नाही, आरपार गेला आहे. आतच असेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंना रुपयाचं नाणं वाजवून पाहा. टणक आवाज आला तर प्लास्टर भिंतीला धरून आहे. बद्द आवाज आला तर ते सुटलं आहे, आणि असं सुटलेलं प्लास्टर बहुतेक वेळा जुनी चौकट उपटताना बसलेल्या हादऱ्याने सुटलेलं असतं.

शंका राहिली तर तड्यावर चार इंच लांब-रुंद चौकोन आखून तेवढंच प्लास्टर छिन्नीने हळू काढा आणि आतल्या विटा पाहा. वीट शाबूत असेल तर निम्मी चिंता तिथेच मिटते. वीट चिरलेली असेल किंवा विटांच्या सांध्यातून जिन्यासारखी चीर गेली असेल, तर पुढचं काम गवंड्याच्या एकट्याच्या हातचं नाही.

खिडकीचंही माप घ्या. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्हींत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी बसली आहे किंवा बसल्यानंतर दबली आहे. पहिल्या दिवशी लोण्यासारखी सरकणारी काच आता मध्येच अडत असेल तर वरून भार आला आहे, असं धरून चला.

एक तपासणी बहुतेक जण विसरतात. घरातल्या ज्या खिडक्या बदलल्याच नाहीत, त्यांचे कोपरे पाहा. तिथेही तसेच तडे असतील तर दोष नव्या खिडकीचा नसून जमिनीचा असण्याची शक्यता मोठी आहे. हे न पाहता फॅब्रिकेटरशी, म्हणजे खिडकी बनवून बसवणाऱ्याशी, भांडायला गेलेल्या माणसाचं भांडण पहिल्याच वाक्यात पडतं.

तड्याची दिशा

चौकटीच्या कडेने, तिला समांतर जाणारी बारीक रेघ सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात कमी धोक्याची असते. जुनं प्लास्टर आणि चौकटीभोवती भरलेला नवा मसाला यांचा तो सांधा असतो. नवा मसाला वाळताना आकसतो, जुना आकसून कधीच मोकळा झालेला असतो. मजबुतीच्या नावाखाली सिमेंट जास्त घातलं की आकसणं आणखी वाढतं. त्यात चौकटीची स्वतःची हालचाल मिळते. अ‍ॅल्युमिनियम विटेच्या चौपट प्रसरण पावतं. सहा फुटांच्या चौकटीवर पहाटेपासून दुपारपर्यंत तिचं तापमान तीस अंशांनी वाढलं, तर ती सव्वा मिलिमीटरच्या आसपास लांबते. यूपीव्हीसी तर याच्या दुपटीहून जास्त. जत, आटपाडी, माण, खटावच्या एप्रिलच्या उन्हात पश्चिमेची काळी किंवा चॉकलेटी चौकट हाताला चटका देते, तेव्हा हा हिशेब सहज भरतो. अशा चौकटीला चारी बाजूंनी कडक सिमेंट घट्ट भरलं असेल तर तडा जाणारच.

खालच्या कोपऱ्यातून सरळ खाली उतरणारा तडा अनेक घरांत दिसतो. खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर वरचा भार असतो, खिडकीखालच्या भिंतीवर जवळजवळ नसतो. त्यामुळे दोन्ही भाग कमी-जास्त दबतात आणि सांधा कोपऱ्यात उघडतो. बारीक असेल आणि वाढत नसेल तर घाबरू नये. ग्रॅनाइटची किंवा कडाप्प्याची सिल (खिडकीच्या तळाची दगडी पट्टी) बसवताना खालची भिंत ग्राइंडरने खोल कापली गेली असेल, तरी तिथेच तडा येतो.

वरच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत तिरका वर जाणारा किंवा खिडकीच्या बरोबर मध्यावर उभा असणारा तडा मात्र गांभीर्याने घ्या. उघडणीच्या कोपऱ्यांत ताण एकवटतो, म्हणून प्लास्टरचा बारीक तिरका तडा चांगल्या घरातही येतो. पण तो आरपार असेल, एटीएम कार्ड शिरत असेल, किंवा खिडकीच्या माथ्याची रेघ मध्ये खाली झुकलेली दिसत असेल, तर वरचा भार पेलणारं लिंटल कमी पडतंय. दोन्ही कोपऱ्यांतले तिरके तडे वर जाऊन एकमेकांकडे झुकत असतील, तर मधला विटांचा त्रिकोण सुटायला लागला आहे.

जाडीबद्दल माझा ठोकताळा असा: एक मिलिमीटरच्या आत असेल तर थांबून पाहा, एक ते पाचच्या मध्ये असेल तर अनुभवी इंजिनिअरला दाखवा, पाचच्या वर असेल तर त्याच दिवशी दाखवा. वाढणारा तडा बारीक असला तरी वरच्या वर्गात धरा.

जुन्या घरातली चौकट भार घेत असते

या भागासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण वाई, सातारा, कऱ्हाड, मिरज, तासगाव इथल्या जुन्या पेठांत आणि गावोगावच्या वाड्यांत अजून दगड-मातीच्या नाहीतर विटा-मातीच्या भिंती आहेत. पाटण-महाबळेश्वरकडे जांभ्याच्या. या घरांत आरसीसी लिंटल नसतं. खिडकीवर सागवानी किंवा इतर लाकडाच्या दोन-तीन फळ्या शेजारी शेजारी टाकलेल्या असतात आणि वरचं बांधकाम त्यांवर बसलेलं असतं. पन्नास-साठ वर्षांत फळ्या वाकतात, वाळवी आतून पोखरते, आणि भार हळूहळू खालच्या चौकटीवर उतरतो. चौकट दिसायला सडकी असली तरी तेव्हा ती खांबाचं काम करत असते.

मग कामगार येतात, चौकटीच्या एका उभ्याला करवत लावतात आणि पहार घालून तो ओढतात. नीट पाहिलं तर त्या क्षणी काय होतं ते दिसतं: वरच्या फळीच्या टोकाशी मातीची बारीक धार सुरू होते, फळी बोटभर खाली येते, आणि वरच्या चुन्याच्या गिलाव्यावर केसाएवढी रेघ सरकत वर जाते. कुणी लक्ष देत नाही. नवी चौकट त्या कमी झालेल्या उंचीत ठोकून बसवतात. अ‍ॅल्युमिनियमचं सेक्शन भार घ्यायला केलेलंच नसतं. ते वाकतं आणि तडा रोज थोडा उघडतो.

दुसरा प्रकार खिडकी मोठी करण्याचा. तीन फुटांची खिडकी सहा फुटांची करताना जुनं लिंटल तेवढंच ठेवून शेजारच्या विटा काढल्या जातात. लिंटल दोन्ही बाजूंना भिंतीत निदान सहा इंच शिरलेलं हवं, मी तरी आठ-नऊ इंचांचा आग्रह धरेन. गाळा दुप्पट झाला की वाकवणारा जोर चौपटीच्या खाली राहत नाही, कारण वरचा विटांचा त्रिकोणही मोठा होतो. आणि ज्या सातारा जिल्ह्याने ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप पाहिला, जिथे नंतरही धक्के बसत राहिले, तिथे भार पेलणाऱ्या भिंतीत खिडकी घराच्या कोपऱ्याला चिकटवू नये. कोपऱ्यापासून दीड-दोन फूट आणि दोन खिडक्यांच्या मध्ये दोन फूट सलग भिंत सोडावी.

तुमच्या घरी वरच्यापैकी काही झालं असेल, आणि तडा रोज वाढतोय, वरून खडे-माती पडतेय, ओळंबा लावल्यावर भिंतीला पोट आलेलं दिसतंय, यातलं एक जरी असेल तर त्या खोलीत झोपू नका. खिडकीच्या वर भिंतीवर जे छत किंवा माळवद टेकलं आहे, त्याला आतून टेके द्या. टेक्याखाली आणि वर जाड लाकडी फळी हवी. नुसता पाइप फरशीवर उभा केला तर फरशी फुटते आणि टेका सुटतो. टेके दिल्यानंतर इंजिनिअर येईपर्यंत हातोडा, हिल्टी (तोडकामाचं ड्रिल मशीन), ग्राइंडर काहीही लावू देऊ नका.

काळ्या मातीचा हिशेब

कृष्णा-वारणेच्या काठची काळी कसदार माती उसाला चांगली, घराला अवघड. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती वाळते, मधली झाकलेली माती ओली राहते, त्यामुळे बाहेरच्या भिंती आणि कोपरे थोडे खाली बसतात. हे तडे वर रुंद आणि खाली निमुळते असतात, मार्च-एप्रिलमध्ये उघडतात आणि श्रावणात जवळजवळ मिटतात. खिडकी ही भिंतीतली कमजोर जागा, म्हणून ते खिडकीच्या कोपऱ्यातूनच निघतात. दिवाळीनंतर खिडक्या बदलल्या आणि मार्चमध्ये तडे दिसले की दोष सहज नव्या खिडकीवर जातो.

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांच्या पायात पाणी राहिलं, तिथे हे आणखी बारकाईने पाहावं. जोत्याजवळ तडा आहे का, फरशीचा सांधा उघडला आहे का, दाराची चौकट घासतेय का, हे सगळं एकत्र नोंदवा.

असा तडा ओळखायला वेळ द्यावा लागतो. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्याने चिकटवा. भिंत हलली तर काच तुटते. काच प्लास्टरऐवजी उघड्या विटेवर चिकटवली तर उत्तर जास्त भरवशाचं मिळतं. निदान दोन महिने, आणि काळ्या मातीत जमलं तर एक उन्हाळा-पावसाळा पाहा. दरम्यान घराभोवती तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली काँक्रीटची पट्टी करून घ्या. मोरीचं आणि छताचं पाणी जोत्यापासून लांब न्या, भिंतीलगतची केळी, कर्दळ काढा. रोज त्यांना पाणी घालणं म्हणजे पायाची एक बाजू कायम ओली ठेवणं. इथे मूळ दुरुस्ती भिंतीत नाही, पाण्यात आहे, आणि बऱ्याच घरांत एवढ्यानेच तडा शांत होतो.

आता दुरुस्ती

प्लास्टरचा बारीक तडा भरायच्या आधी नवा मसाला पूर्ण वाळू द्या, साधारण महिना-दीड महिना. मग तड्यावरून पत्र्याच्या टोकाने किंवा कटरने पाच-सहा मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच करा. नुसतं वरून पुसून भरलेली पेस्ट टिकत नाही, खाच केलीच पाहिजे. ब्रशने धूळ काढा, किंचित पाणी मारा, अ‍ॅक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा. तो वाळून खाली बसला की दुसरा हात द्या. त्यावर चार इंच रुंद फायबर जाळीची पट्टी चिकटवून पुट्टीचे दोन पातळ हात, घासकाम, प्रायमर आणि मग रंग. बाहेरच्या बाजूला पांढरी पुट्टी वापरू नका. तिथे बाहेरच्या भिंतीचा फिलर आणि वरून लवचीक रंग हवा.

बद्द वाजणारं प्लास्टर पेस्टने सुधारत नाही. ग्राइंडरने चौकोनी कड कापून ते काढून टाका, वाकड्यातिकड्या कडेने पुन्हा तडा जातो. विटांचे सांधे अर्धा इंच खरवडा, गुळगुळीत काँक्रीट असेल तर टाचे मारा. तडा आणि विटा-लिंटलचा सांधा यांवर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी कोंबडी जाळी खिळे-वायसरने ताणून बसवा. ढिली जाळी निरुपयोगी. मग एसबीआर लॅटेक्स (जुन्या-नव्याला चिकटवणारं रबरी द्रव) आणि सिमेंटचा पातळ हात, आणि तो ओला असतानाच मसाला. आत सिमेंट-वाळू एकास सहा आणि जाडी बारा मिलिमीटर, बाहेर एकास चार आणि दोन थरांत मिळून वीस मिलिमीटर पुरे. क्रश सँड धुतलेली घ्या, भुकटी जास्त असली की केसाळ तडे पडतात. सात दिवस पाणी मारा. उन्हाळ्यात ओलं बारदान टांगून ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून भागत नाही.

दगड-मातीच्या भिंतीवर हाच मसाला लावू नका. कडक सिमेंट आणि मऊ भिंत एकत्र नांदत नाहीत, ओल आत कोंडते आणि पापुद्रा सुटतो. तिथे चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधण्याचे कष्ट घ्या. वाईकडे, साताऱ्यात असे हात अजून आहेत.

चौकटीच्या कडेच्या रेघेवर सिमेंट पुन्हा पुन्हा भरू नका. चौकट आणि भिंत यांच्यातला कडक मसाला कापून पाच ते दहा मिलिमीटरची फट मोकळी करा. तिच्यात फोमची गोल दोरी, जिला बॅकर रॉड म्हणतात, ती दाबून बसवा आणि वरून सीलंट (वाळल्यावरही लवचीक राहणारी पेस्ट) भरा. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवा. तो फक्त चौकट आणि भिंत या दोन बाजूंना चिकटला पाहिजे. मागेही चिकटला तर ताणला जात नाही, फाटतो. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही, न्यूट्रल प्रकारचा मागून घ्या. सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून रंगवायची कड असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा हायब्रीड सीलंट. पीयू फोम भरताना हात आखडता ठेवा, फुगताना तो चौकट आत ढकलतो, आणि उघडा राहिला तर उन्हाने त्याची भुकटी होते.

विटा चिरल्या असतील तर तडा थांबल्याची खात्री झाल्यावरच शिवण घालायची. दर तीन-चार थरांआड आडव्या सांध्यात खाच करून, तड्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जाईल अशी सहा किंवा आठ मिलिमीटरची सळई न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये (पातळ सिमेंटी भरणात) बसवतात. जाडी आणि अंतर इंजिनिअरकडून लिहून घ्या.

नवं लिंटल घालायचं असेल तर आधी टेके, मग भिंतीच्या जाडीचा एकच अर्धा भाग उघडायचा. त्यात तयार काँक्रीटचं लिंटल किंवा लोखंडी आय सेक्शन (इंग्रजी आय अक्षरासारख्या छेदाची तुळई) सरकवायचं, माथ्यावरची फट कोरड्या घट्ट मसाल्याने ठासून भरायची. ते धरल्यावर दुसरी बाजू. ही फट नीट ठासली नाही तर नवं लिंटल असूनही वरच्या विटा खाली येईपर्यंत भार घेत नाही, आणि तडा परत येतो. जागेवर काँक्रीट ओतलं असेल तर टेके चौदा दिवस काढू नका. मिस्त्रींना दुसऱ्या साइटवर टेके हवे असतात, म्हणून हे आधीच ठरवून घ्या.

काम कधी काढायचं? बाहेरचं काम दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत. महाबळेश्वर, पाचगणी, मेढ्याकडे भिंती वाळायला जास्त वेळ लागतो, तिथे दिवाळी उलटू द्या. सिलला बाहेर उतार आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायची खाच याच वेळी करून घ्या. तड्यातून शिरणारं बरंचसं पाणी या दोन जागांवरून येतं.

खर्च कुणाचा

आधी खिडकीवाल्याला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅप चालेल, तारखेचे फोटो जोडा. तुम्ही पुट्टी मारून टाकली असेल तर हा पुरावा उरत नाही. लिंटलचा किंवा पायाचा संशय असेल तर महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून सहीचा अहवाल घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. फ्लॅट नवा असेल आणि खिडक्या बिल्डरनेच बसवल्या असतील, तर रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. स्वतः खिडकी मोठी केली असेल तर ही बाजू लंगडी पडते. सोसायटीत तर काँक्रीटचा खांब, तुळई किंवा भिंत परवानगीविना कापायचीच नाही.

घरातल्या उरलेल्या खिडक्या बदलायच्या असतील तर कोटेशनवरच चार ओळी लिहून घ्या: चौकट उपटायच्या आधी भोवतीचं प्लास्टर ग्राइंडरने कापायचं, जुने होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या) कटरने तोडायचे, नव्या चौकटीचे अँकर बोल्ट भिंतीच्या कडेपासून तीन इंच आत मारायचे, आणि एकूण रकमेतला दहावा हिस्सा एक पावसाळा गेल्यावर द्यायचा. शेवटच्या ओळीला कुरकुर होते. तरी ती काढू नका. आणि पहिली चौकट निघते त्या वेळी स्वतः तिथे उभे राहा, लिंटल आहे की नुसत्या फळ्या आहेत हे बघा, आणि फळ्या दिसल्या तर काम तिथेच थांबवा.